हिशेब न ठेवणारे

प्रेमानं वाढणारा हात घास मोजत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू अंतिम न्यायाचा दिवस रंगवतो. भुकेल्याला अन्न, परक्याला आसरा देणाऱ्यांना न्याय करणारा राजा सार्वकालिक जीवन देतो. म्हणतो, ते तुम्ही मलाच दिलंत. नीतिमान चकित होतात. त्यांनी हिशेब ठेवलेलाच नसतो! मला त्यांचं हे चकित होणं फार मोलाचं वाटतं. स्वर्ग विकत घ्यायला ते निघालेच नव्हते. प्रेषित पौलही कळकळीनं सांगतो, तारण ही देवाची कृपा आहे, कर्मांची मजुरी नाही. मग सत्कृत्यं कशासाठी? श्रोतेहो, ज्याला भरभरून मिळालं, त्याच्या हातून ती घडतातच. हिशेब न ठेवता. पंडिता रमाबाईंचंच पाहा. मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिथं गेल्या. उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदनात त्यांना घर मिळालं, अक्षरओळख मिळाली, हाताला काम मिळालं.