जे टेकडीवर येईनासे झाले

‘घाबरू नका, तो काही करत नाही.’ पुण्यात वेताळ टेकडी, तळजाई किंवा हनुमान टेकडीवर नेमाने फिरायला जाणाऱ्यांना हे वाक्य पाठ झालेले असते. पट्टा सोडलेला कुत्रा धावत अंगाशी येतो आणि मागून येणारे मालक किंवा मालकीणबाई हसून ही ग्वाही देतात. बहुतेक वेळा ती खरीही ठरते. तरी ती अपुरी आहे, कारण खात्री एकाची असते आणि जोखीम दुसऱ्याची.

मालकाने त्या कुत्र्याला पिल्लू असल्यापासून पाहिलेले असते. समोरच्या माणसाला त्याला ओळखायला दोन क्षण मिळतात. त्याचे लसीकरण झाले आहे का, लहान मूल पळाले तर तो मागे लागेल का, हाक मारली की थांबतो का, यातले काहीच त्याला ठाऊक नसते. आपल्या देशात रेबीज अजून आहे आणि त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यामुळे चावा लहान असला तरी धुणे, दवाखाना, इंजेक्शनांचा कोर्स आणि कित्येक दिवसांची धास्ती चुकत नाही. अशा ठिकाणी कुत्र्याला घाबरणाऱ्याला ‘भित्रा’ म्हणणे किंवा ‘प्राण्यांवर प्रेमच नाही’ असा शिक्का मारणे अन्यायाचे आहे.

कुत्रा पाळणाऱ्यांचीही बाजू आहे आणि ती मनापासून ऐकायला हवी. दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडलेल्या जनावराला धावायला जागा लागते आणि शहराने तशी जागा फारशी ठेवलेली नाही. शिवाय मोकळा कुत्रा म्हणजे उपद्रवच, असेही नाही. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात बोल्डर नावाचे गाव आहे. तिथल्या मोकळ्या कुत्र्यांचा अभ्यास मार्क बेकॉफ आणि कॅरन मीनी यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेक कुत्रे पायवाटेपासून फार दूर गेले नाहीत, आणि माणसांना त्रास देणे किंवा प्राण्यांच्या मागे लागणे हे प्रकार क्वचितच दिसले, असे त्यात आढळले. कुत्रेप्रेमींचा अनुभव खोटा नाही, हे यावरून मान्य करायला हवे.

पण अशा निरीक्षणात आणि आपल्या रोजच्या अनुभवातही एक गोष्ट सुटते. पायवाटेवर उभे राहून जे दिसते, ते तिथे आलेल्यांचे. जे येईनासे झाले, त्यांची नोंद कोण ठेवणार? एकदा दचकून पडलेल्या आजी आता सोसायटीच्या आवारातच फेऱ्या मारतात. मुलाला घेऊन येणारे बाबा बागेत जाऊ लागतात. एकटी चालणारी मुलगी वेळ बदलते, मग वाट बदलते, मग येणेच थांबवते. यातले कोणी भांडत नाही, अर्ज करत नाही. मग उरलेल्यांचे मत विचारले तर टेकडीवर सगळे आनंदी दिसतात, आणि ‘कोणाचीच तक्रार नाही’ हे वाक्य पुरावा होऊन बसते. सार्वजनिक जागेबद्दलच्या लोकमतातली ही मोठी फट आहे. ज्यांचे सर्वांत जास्त बिघडते, तेच मत द्यायला जागेवर नसतात.

पाखरांचेही असेच होते. सिडनीच्या आसपासच्या रानात पीटर बँक्स आणि जेसिका ब्रायंट यांनी केलेला प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे कुत्र्याला फिरवले, तिथे पक्ष्यांची विविधता 35 टक्क्यांनी आणि संख्या 41 टक्क्यांनी कमी भरली. नुसती माणसे फिरली तर झालेला परिणाम सहसा याच्या निम्म्याहूनही कमी होता. हे सगळे कुत्रे पट्ट्याला बांधलेले होते! जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांना सर्वाधिक झळ बसली. आपल्या टेकड्यांवर टिटवी खड्यांमध्ये उघड्यावर अंडी घालते, रातवा तर घरटेच करत नाही, आणि लांडोर झुडपाच्या आडोशाला जमिनीवर बसते. नुकसान व्हायला कुत्र्याने पक्षी पकडलाच पाहिजे असे नाही. तो हुंगत जवळ आला की मादी उठते आणि तेवढा वेळ अंडी उन्हात पडतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कळीत करणेही धरले आहे. कायदा करणाऱ्यांना दिसलेले हे नुकसान फिरायला जाणाऱ्यांच्या नजरेतून मात्र सुटते.

यावर हमखास उत्तर मिळते, ‘टेकडीवर भटके कुत्रे आहेतच, मग आमच्या एकट्याने काय होणार?’ भटक्या कुत्र्यांचा प्रश्न खरा आहे आणि गंभीरही. पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर लांडगे आणि कुत्रे यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा 2023 मध्ये संशोधकांनी मांडला. पण भटक्या कुत्र्याला सांगणारे कोणी नसते, पाळीव कुत्र्याला असते. जो भार आपल्या हाताने आज हलका करता येतो, तो दुसऱ्या मोठ्या भाराकडे बोट दाखवून तसाच ठेवणे योग्य नाही.

मार्ग आहेत. इंग्लंडमध्ये 2000 सालच्या कायद्याने खुल्या केलेल्या माळांवर 1 मार्च ते 31 जुलै या काळात कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्यालाच बांधलेला असावा लागतो. जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यात विणीच्या हंगामासाठी, 1 एप्रिल ते 15 जुलै, असाच नियम आहे. बोल्डरने 2006 पासून वेगळी वाट धरली. कुत्रा नजरेच्या टप्प्यात राहील आणि हाकेला परत येईल याची जबाबदारी घेऊन नोंदणी करणाऱ्यालाच तिथे ठरावीक वाटांवर पट्टा सोडता येतो. खात्री मालकाच्या नुसत्या शब्दावर न सोडता तिची जबाबदारी त्याने नोंदणी करून घ्यावी, हे त्यातले तत्त्व मला मोलाचे वाटते. आपल्याकडेही महापालिकेने प्रत्येक भागात कुंपण घातलेले एखादे मैदान कुत्र्यांना धावण्यासाठी द्यावे. टेकडीवर पट्टा बाराही महिने असावा. वनखाते आणि पक्षिनिरीक्षकांनी मिळून विणीचे तुकडे आखावेत आणि मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत तिथे कुत्रा नेऊच नये. मैदान न देता नुसता दंड लावला तर तो कोणी मनावर घेणार नाही. मैदान मिळूनही पट्टा सोडला, तर मात्र दंड व्हायलाच हवा.

जागा सर्वांची आहे याचा अर्थ तिथे प्रत्येकाला हवे ते करता येते, असा आपण सोयीने लावतो. माझ्या मते सार्वजनिकतेची कसोटी उलट बाजूने लागते. सर्वांत बिचकणारा माणूस आणि जमिनीवर अंडी उबवणारा पक्षी यांना जिथे जागा उरते, तीच जागा सर्वांची. आपला कुत्रा गुणी आहे हे मालकाला दाखवायचेच असेल, तर त्याने तो अनोळखी माणसापुढे पट्ट्यासह आणावा. मग त्या माणसाला वाटले तर तो स्वतःहून हात पुढे करील, आणि नाही वाटले तर निवांत पुढे जाईल. ही निवड त्याच्या हाती असली पाहिजे.