मुक्कामी विमान

मुळशी तालुक्यातल्या आडगावांना एसटीची मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. दिवेलागणीला गाडी येते. चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेच्या ओसरीवर पथारी टाकतात. पहाटे तीच गाडी दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन पौडच्या दिशेने सुटते. गाडी रात्रभर गावात उभी आहे, एवढ्या भरवशावर माणसं उद्याचे बेत ठरवतात. त्या एका फेरीत डिझेलचे पैसे सुटतात की नाही, हा हिशेब गाव करत नाही. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावरून सुरू झालेली एसटी राज्यभर पसरली ती भरलेल्या गाड्यांच्या कमाईवर रिकाम्या गाड्या चालवूनच.

लहान शहरांच्या विमानसेवांचा इतिहास पाहताना मला ही गाडी राहून राहून आठवते.

1981 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून ‘वायुदूत’ ही विमान कंपनी काढली. आधी ईशान्य भारत, मग देशभरातली लहान शहरं. पुढे तिच्या ताफ्यात कानपूरला बांधलेली डॉर्निअर 228 विमानं आली. आसनं 19. मधून अरुंद वाट, दोन्ही अंगांना एकेक खुर्ची. पंख छताच्या उंचीवर असल्यामुळे खिडकीतून खालचं रान, ओढे, घरं मोकळी दिसावीत. आखूड धावपट्टी या विमानाला पुरायची. मात्र केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसल्याने पावसाळी ढगांच्या वर चढून जाणं त्याला जमत नसे. ताम्हिणी घाटातला पाऊस पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल.

23 सप्टेंबर 1989 रोजी पुण्याहून हैदराबादला निघालेलं वायुदूतचं डॉर्निअर आमच्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूरजवळ उजनीच्या पाण्यात कोसळलं. 11 माणसं गेली. नव्याने विमानात बसू लागलेल्या गावांचा भरवसा अशा एका बातमीने तुटतो.

तरीही वायुदूत संपली ती अपघाताने नव्हे, हे माझं ठाम मत आहे. तिच्या वाटणीतच खोट होती. मुंबई-दिल्लीसारखे भरून जाणारे मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे राहिले आणि ज्यांवर तोटाच व्हायचा ते वायुदूतच्या पदरात पडले. पुणे-मुंबई गाड्या एका मंडळाला आणि फक्त मुक्कामी गाड्या दुसऱ्या मंडळाला दिल्या असत्या, तर ते दुसरं मंडळ किती वर्षं तगलं असतं? 1993 मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

विमानाला तिकिटाबाहेरचा आधार लागतो, ही गोष्ट वायुदूतच्याही आधीची. मुळशीकरांना टाटा हे नाव ठाऊक आहे ते धरणामुळे, त्याविरुद्धच्या 1921 पासूनच्या सत्याग्रहामुळे, तो लढवणाऱ्या सेनापती बापटांमुळे. त्याच टाटांची विमानसेवा 15 ऑक्टोबर 1932 रोजी सुरू झाली. जेआरडींनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला विमान आणलं. त्यात टपालाच्या थैल्या होत्या. देशातली ही विमानसेवा उभी राहिली ती सरकारी टपालाच्या मोबदल्यावर. नुसत्या तिकिटावर पंख उचलत नाहीत, हे तेव्हापासून ठाऊक असलेलं सत्य आहे.

लहान शहरांना विमानाने जोडण्याच्या केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेने ते ओळखलं. मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार बसवायचा आणि त्यातून लहान मार्गांची तूट भरायची, हे एसटीचंच गणित. 27 एप्रिल 2017 रोजी नांदेड-हैदराबाद विमान सुटलं. त्याच वर्षी डिसेंबरात एअर डेक्कनच्या छोट्या विमानाने जळगाव मुंबईला जोडलं. आनंद खरा होता. पण तूट भरून देण्याची मुदत तीन वर्षांची, आणि मुंबईत उतरायला सोयीची वेळ मिळणं दुरापास्त. एअर डेक्कन 2020 मध्ये थांबली, नांदेडचा मार्ग चालवणारी ट्रूजेट 2022 मध्ये.

आमच्या शेजारच्या मावळातही एक प्रयोग झाला. ऑगस्ट 2014 मध्ये जुहूहून पवना धरणावर पाण्यात उतरणारं विमान आलं. देखणं दृश्य होतं, पण ती सेवा टिकली नाही. द्रुतगती मार्ग हाकेच्या अंतरावर असताना पर्यटकांची हौस भागवणारं विमान वेगळं आणि नांदेडच्या रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात पोचवणारं विमान वेगळं. सार्वजनिक पैसा या दुसऱ्या विमानासाठी आहे. मुळशीला विमान नको. आम्हाला पहाटेची गाडी वेळेवर हवी. नांदेड-जळगावला मात्र विमान हवं, आणि ते त्या गाडीसारखं हवं.

1994 पासून मोठ्या विमान कंपन्यांवर बंधन आहे: कमाईचे मार्ग हवे असतील तर ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान इथेही ठरावीक प्रमाणात उडायचं. हेच बंधन जिल्ह्याच्या शहरांसाठी लावा. मुंबई-दिल्ली चालवणाऱ्याने एक नांदेड, एक जळगावही चालवावं, तीन वर्षांपुरतं नव्हे, तर कायमचं. आणि मुंबईच्या धावपट्टीवर सकाळची एक वेळ त्या विमानासाठी राखून ठेवा.