उन्हाळी विद्या आणि तिचे मोल

‘स्कूल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्या ‘स्खोले’चा मूळ अर्थ फुरसत असा आहे. ज्या शाळेने मुलांची फुरसत हिरावून घेतली तिचेच नाव फुरसतीवरून पडावे, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा. ग्रीकांची कल्पना मात्र स्पष्ट होती. पोटासाठी राबावे लागत नाही अशा घटकेत मनुष्य काय करतो, त्यावरून त्याची खरी ओळख पटते. आणि त्या घटकेचा सर्वांत श्रेष्ठ उपयोग म्हणजे जाणण्यासाठी जाणणे, असे अ‍ॅरिस्टॉटल मानीत असे. अर्थात ती फुरसत गुलामांच्या श्रमांवर उभी होती, हेही विसरून चालणार नाही. विद्येचा आनंद एकाला आणि तिचा भार दुसऱ्याला, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

हा जुना प्रश्न आज अगदी स्वच्छपणे कोठे पाहावयाचा असेल, तर तो अमेरिकेतील विद्यापीठांच्या उन्हाळी वर्गांत पाहावा. जून ते ऑगस्ट या महिन्यांत तेथील महाविद्यालयीन विद्यार्थी घरी जातात, वसतिगृहे ओस पडतात, आणि त्या रिकाम्या खोल्यांत शाळेत शिकणारी पंधरा-सोळा-सतरा वर्षांची मुले येऊन राहतात. कोणी दोन आठवडे, कोणी सहा-सात. ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसतात, प्राध्यापकांची व्याख्याने ऐकतात, प्रयोगशाळेत हात काळे करतात. हार्वर्डची उन्हाळी शाळा १८७१ सालापासूनची आहे. आज देशातील बहुतेक सर्व नामांकित विद्यापीठांत शाळकरी मुलांसाठी असे काही ना काही असते. मुंबई-पुण्यातील सधन घरांतली आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतली मुलेही आता तेथे जातात. म्हणून हा विचार आपल्या वाचकांना अगदीच परका वाटू नये.

या वर्गांचे एकच एक रूप नाही, आणि नैतिक विचार करणाऱ्याने प्रथम भेद ओळखावे, हे आम्हांला सेमिनरीतच शिकविले गेले. प्रथम उत्तम रूप पाहू. गणितज्ञ आर्नल्ड रॉस यांनी १९५७ साली नोटर डेम या कॅथॉलिक विद्यापीठात शाळकरी मुलांसाठी एक उन्हाळी वर्ग सुरू केला. १९६४ साली तो ओहायो स्टेट विद्यापीठात गेला आणि रॉस २००२ साली निवर्तल्यानंतरही चालू राहिला. या वर्गात मुलांना पुढच्या इयत्तेचे गणित आगाऊ शिकवीत नाहीत. ज्या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत असे ती समजतात, त्यांच्याच मुळाशी त्यांना नेतात. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का येतो? प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच रीतीने पडतात, हे कशावरून? रोज उदाहरणांचा नवा कागद मिळतो आणि मुले रात्र रात्र त्यावर झगडतात. साध्या गोष्टींचा खोल विचार करा, हे रॉस यांचे सूत्र होते. आमच्या मते ही ‘स्खोले’ या शब्दाची आजच्या काळातील प्रामाणिक टीका होय.

दुसरे उदाहरण टेल्युराइड असोसिएशनचे. वीज-उद्योजक एल. एल. नन यांनी १९११ साली स्थापन केलेली ही संस्था १९५४ पासून शाळकरी मुलांसाठी उन्हाळी परिसंवाद भरवीत आली आहे. तेथे गुण नाहीत, श्रेणी नाहीत. थोडी मुले, एखादा ग्रंथ वा प्रश्न, आणि चर्चा. घराचे नियम मुलांनीच ठरवावयाचे. राहणे, जेवणे, शिकणे, सारे विनामूल्य. अणुपाणबुड्यांचे जनक म्हणून प्रसिद्ध असलेले अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर यांच्या प्रेरणेने १९८४ साली सुरू झालेली संशोधन-शाळाही विनाशुल्क आहे. पुढे ती मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत भरू लागली. येथे एक नोंद करणे अवश्य आहे. १९५७ च्या ऑक्टोबरात सोव्हिएत रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला, तेव्हा अमेरिकेला आपल्या मुलांच्या गणित-विज्ञानाची एकाएकी चिंता लागली आणि सरकारी पैसा या दिशेने वाहू लागला. म्हणजे या विद्येच्या पाठीशी निर्मळ ज्ञानप्रेमच होते असे नाही, भीतीही होती. परंतु भीतीपोटी खणलेल्या विहिरीचे पाणीही गोड लागू शकते.

आता दुसरे रूप. अनेक विद्यापीठांचे उन्हाळी वर्ग शुल्कावर चालतात आणि ते शुल्क लहान नसते. हार्वर्डमध्ये सात आठवडे राहून शिकावयाचे झाल्यास दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येतो. काही शिष्यवृत्त्या असतात. पण बहुसंख्य मुले आईबापांच्या पैशावर येतात. या वर्गात येण्याने पुढे आमच्या विद्यापीठात प्रवेश मिळेल असे समजू नये, असे विद्यापीठे स्वतःच सांगतात. तरीही आईबाप पैसे भरतात ते बव्हंशी त्याच आशेने. विकणारा म्हणतो, आम्ही ते विकत नाही; घेणारा मनात म्हणतो, आम्ही तेच घेतो. अशा व्यवहारात खोटे कोणीच बोलत नाही, आणि तरी सत्य कोठेतरी हरवते.

येथे प्रश्न असा, की यात अन्याय आहे काय? श्रीमंत बाप आपल्या मुलाला सकस अन्न देतो, चांगली पुस्तके आणून देतो, त्याला आपण दोष देत नाही. मग उन्हाळ्यात विद्यापीठात धाडले तर का द्यावा?

आमचे उत्तर असे. या व्यवहारात दोन भिन्न वस्तू एकाच पुडीत बांधलेल्या आहेत. एक ज्ञान, दुसरी पत. ज्ञान दिव्यासारखे आहे. एका दिव्याने दुसरा लावला तर पहिल्याचा उजेड घटत नाही. कोणा श्रीमंताच्या मुलाला मूळ संख्यांचे रहस्य उमगले, म्हणून गरिबाच्या मुलाचे काही गेले नाही. उलट जगात एक जाणता माणूस वाढला. पत मात्र रांगेतल्या जागेसारखी आहे. मी एक पाऊल पुढे सरकलो, की कोणीतरी एक पाऊल मागे सरकलाच. म्हणून उन्हाळी वर्ग जेवढ्या अंशाने ज्ञान देतो तेवढ्या अंशाने तो निर्दोष आहे, मग त्याचे शुल्क कितीही असो. आणि जेवढ्या अंशाने तो रांगेतली जागा विकतो तेवढ्या अंशाने, जे रांगेत उभे आहेत पण ज्यांच्या खिशात काही नाही, त्यांचे तो काहीतरी घेतो.

यावर कोणी म्हणेल, मग सारे वर्ग विनामूल्य करा, परीक्षेने निवडा, म्हणजे अन्याय मिटला. तसे झाले तर फार चांगले. परंतु प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. निवडीच्या परीक्षेपर्यंत जे मूल पोहोचते, त्याच्या घरात बहुधा पुस्तके असतात, अर्ज भरून देणारे कोणी असते, आणि उन्हाळ्यात त्याच्या मजुरीवाचून घराचे अडत नाही. शुल्क दारावरून काढले तरी ते उंबरठ्याच्या आत कोठेतरी शिल्लक राहतेच. हे ओळखूनच अमेरिकेत ‘अपवर्ड बाउंड’ ही योजना निघाली. १९६४ च्या दारिद्र्यविरोधी कायद्यातून ती जन्मली. गरीब घरातल्या, आणि ज्यांच्या आईबापांनी पदवी घेतलेली नाही अशा मुलांना ती उन्हाळ्यात महाविद्यालयात आणून शिकविते. या योजनेत किमान दोन-तृतीयांश मुले या दोन्ही निकषांत बसणारी असली पाहिजेत, असा दंडक आहे. येथे ‘कोण सर्वांत हुशार’ असे न विचारता ‘कोणाला अद्याप दार दिसलेच नाही’ असे विचारले जाते.

दुसऱ्या बाजूचेही ऐकून घेतले पाहिजे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ साली गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्यांची परीक्षा ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांना देत आणि ज्यांची तयारी दिसे त्यांना पुढचे गणित झपाट्याने शिकवीत. १९७९ साली या कामासाठी तेथे स्वतंत्र केंद्र निघाले. त्यांच्या कार्यामागील विचार असा, की जे मूल पुढे जावयास सिद्ध आहे, त्याला वर्षानुवर्षे त्याच बाकावर ताटकळत ठेवणे हाही त्याच्यावर अन्यायच आहे. समानांना समान द्यावे आणि असमानांना असमान, हे न्यायाचे जुने लक्षण आहे. तेव्हा बुद्धिमान मुलाला काही अधिक देणे हे पक्षपाताचे कृत्य नव्हे. अट एकच, की ती बुद्धी शोधताना आपण केवळ उजेडातल्या अंगणातच शोधू नये.

आतापर्यंतचा विचार दुसऱ्यांच्या हक्काचा झाला. परंतु स्वतः त्या मुलाचे काय? संत थॉमस अक्विनास यांनी विद्याव्यासंग हा एक सद्गुण मानला आहे आणि त्याच्या शेजारीच त्याची विकृतीही दाखविली आहे. सत्याचे ज्ञान स्वतः चांगलेच, पण त्याची ओढ वाकडी होऊ शकते. जसे, जो मिरविण्यासाठी शिकतो त्याची. सोळा वर्षांची मुलगी खगोलशास्त्राचा वर्ग निवडते तो ताऱ्यांच्या ओढीने, की प्रवेश-अर्जावर तो शोभून दिसेल म्हणून? दुसरे कारण खरे असेल, तर तिने ताऱ्यांना साधन केले हे तर झालेच. पण स्वतःच्या जिज्ञासेलाही तिने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. ज्याला प्रत्येक आवडीचा पुरावा जमवावा लागतो, त्याला काही काळाने आपली आवड कोणती आणि पुरावा कोणता, हेच कळेनासे होते. ही हानी कोणत्याही शुल्कापेक्षा मोठी आहे, आणि ती श्रीमंताच्या मुलाची अधिक होते.

काही सुहृद म्हणतील, त्यापेक्षा मुलांना सुट्टीत मोकळे सोडा. आंबे खाऊ द्या, मामाच्या गावाला जाऊ द्या. या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. परंतु सुट्टी सर्वांची सारखी नसते. बाल्टिमोर शहरात १९८२ साली पहिलीत आलेल्या सुमारे आठशे मुलांचा जॉन्स हॉपकिन्सच्या कार्ल अलेक्झांडर आणि डोरिस एन्टविसल या समाजशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे मागोवा घेतला. त्यांना असे आढळले, की शाळा चालू असताना गरीब-श्रीमंत मुलांची प्रगती जवळजवळ सारखी होते. दरी वाढते ती उन्हाळ्यात. अलीकडे या निष्कर्षावर आक्षेपही आले आहेत. त्या काळच्या चाचण्यांच्या मोजमापातील दोषामुळे दरी फुगून दिसली असावी, असे पॉल फॉन हिपेल यांनी २०१९ साली दाखवून दिले. तेव्हा या एका अभ्यासावर सारा डोलारा उभारू नये. पण एवढे तर कोणीही डोळ्यांनी पाहू शकतो, की एका घरची सुट्टी म्हणजे प्रवास व पुस्तके, आणि दुसऱ्या घरची सुट्टी म्हणजे विटा व पाट्या.

आपल्याकडे चांगल्या रीतीची उदाहरणे नाहीत असे नाही. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिम्पियाडच्या निमित्ताने निवडक मुलांची शिबिरे भरत आली आहेत. १९९९ साली सुरू झालेल्या किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेतील मुलांनाही विज्ञान-संस्थांत उन्हाळी शिबिरे मिळत. २०२२ साली ती योजना ‘इन्स्पायर’मध्ये विलीन झाली. परंतु आपल्या बहुसंख्य मुलांची सुट्टी गिळते ती ‘व्हेकेशन बॅच’. नववीची परीक्षा संपते न संपते तोच दहावीचा पहिला धडा सुरू! त्यात फुरसतही नाही आणि विद्याही नाही. केवळ रांगेत पुढे घुसण्याची धडपड आहे.

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ मध्यंतरी अकरावीतल्या आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आले. परदेशातील एका विद्यापीठाचे दोन आठवड्यांचे माहितीपत्रक त्यांच्या हाती होते आणि त्यासाठी वाडीचा तुकडा गहाण टाकावयाची त्यांची तयारी होती. “फादर, तिथे जाऊन आली की नाव होईल,” ते म्हणाले. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने हळूच विचारले, “फादर, तिथे जे पुस्तक शिकवणार आहेत, ते इथे मिळत नाही का?” त्या कुटुंबाने पुढे काय ठरविले, तो त्या घरचा प्रश्न आहे. पण आम्ही वर एवढ्या शब्दांत जो भेद मांडला, तो तिने एका वाक्यात केला होता. बाप पतीचे मोल विचारीत होता. मुलगी ज्ञानाचा पत्ता विचारीत होती.

यास्तव अशा वर्गाला मुलांना धाडू इच्छिणाऱ्या पालकांनी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. प्रमाणपत्र मिळणार नसेल, तरीही माझे मूल तेथे जाऊ इच्छील काय? त्या वर्गात कोण नाही, आणि ते का नाही, हे त्याला तेथे गेल्यावर दिसेल काय? आणि परत आल्यावर, जे मिळाले ते तो कोणाला देईल?

या तिसऱ्या प्रश्नावर आमचा विशेष भर आहे. रॉस यांच्या वर्गात एक प्रथा आहे. एका उन्हाळ्यात शिकून गेलेली मुले पुढच्या उन्हाळ्यांत परत येतात, नव्या मुलांसमवेत वसतिगृहात राहतात आणि त्यांची उदाहरणे तपासतात. विद्या विकत घेतलेली असो वा फुकट मिळालेली, तिचे ऋण फेडण्याचा मार्ग एकच आहे. आपल्या गावात वाचनालयाची एखादी खोली असते. मे महिन्यात ती दुपारी बंद असते. कॉलेजात शिकणाऱ्या चार मुलांनी ती उघडली, आठवी-नववीच्या दहा मुलांना बोलावले, आणि ‘ऋण गुणिले ऋण धन का?’ एवढाच प्रश्न फळ्यावर लिहिला, तर त्याला शुल्क लागणार नाही, आणि त्याचे प्रमाणपत्रही कोणी मागणार नाही.