पाच वर्षांनंतर आपण कोठे असाल?

नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न हल्ली हमखास विचारला जातो. हैदराबादेस राहणारी माझी पुतणी परिचारिकेचे शिक्षण संपवून एका रुग्णालयात मुलाखतीस निघाली, ती ह्याच प्रश्नापाशी अडली. मार्गदर्शक पुस्तकातले उत्तर तिने पाठ केले होते : "ह्याच संस्थेत, अधिक जबाबदारीच्या जागी." आणि रात्री ती जर्मन भाषा शिकत होती! तिकडे परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची, तर सामान्यतः बी-टू पातळीपर्यंत ती भाषा यावी लागते. दोन वर्षे लागतील, असा तिचा हिशेब. मला म्हणाली, "काका, खरे सांगितले तर नोकरी जाईल, खोटे सांगितले तर झोप जाईल. काय सांगू?"

असे सगळेच बोलतात आणि विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असते, असे व्यवहारी माणूस म्हणेल. मला हे पटत नाही. त्या शब्दावर विसंबून रुग्णालय तिला अतिदक्षता विभागाचे काम शिकवणार. ती अचानक गेली, की तिच्या रात्रपाळ्या दुसऱ्या कोणाच्या तरी माथी येणार. मात्र हेही खरे, की पाच वर्षे तुला ठेवू, असे वचन रुग्णालय देत नाही. तेव्हा विचारणाऱ्याचा हक्कही मर्यादितच. लग्न, मुलेबाळे, घरचे कर्ज ह्यांविषयी तिने मौन पाळले, तर ते असत्य नव्हे.

उद्दिष्ट म्हणजे भाकीत नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. १८९३ साली नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावास निघाले, ते नोकरीच्याच शोधात. वाटेत एका सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. राजनांदगावी त्यांना कोणी पाच वर्षांनंतरचे विचारले असते, तर त्यांचे प्रामाणिक उत्तरही चुकले असते. पण चुकणे निराळे आणि मनात एक ठेवून ओठांवर दुसरे आणणे निराळे. याकोबाने आपल्या पत्रात उद्याच्या बढाया मारणाऱ्या व्यापाऱ्यांना फटकारले आहे. प्रभूची इच्छा असेल तर, असे म्हणायला शिकवले आहे. (हे शब्द आपण पुष्कळदा ठरलेला बेत झाकण्यासाठीच वापरतो, ही गोष्ट वेगळी.) माझ्या पुतणीला तो आडोसा नव्हता. तिचा बेत ठरलेला होता.

मी तिला एवढेच म्हटले, "जेवढे निश्चयाने देऊ शकतेस, तेवढेच कबूल कर."

मुलाखतीत ती म्हणाली, "दोन वर्षे मी येथे मनापासून काम करीन. पुढे परदेशी जाण्याची इच्छा आहे." समोरच्या मेट्रनबाईंनी चष्मा काढून विचारले, "कोणत्या देशी?" तिने सांगितले. त्यांनी काहीतरी लिहून घेतले.

ह्याला आता तीन आठवडे झाले. पत्र अद्याप आलेले नाही.