प्रश्न हाताला लागेपर्यंत

१९४०च्या आसपासची गोष्ट. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी चांदीच्या जुन्या नाण्यांच्या वजनांत गढले होते. इतिहास लिहायचा असा काही त्यांचा तेव्हा संकल्प नव्हता. संख्याशास्त्र अंगवळणी पडावे म्हणून त्यांना खऱ्या मोजमापांचा एखादा प्रश्न हवा होता आणि तो त्यांना आहत नाण्यांत सापडला. या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. चक्र, सूर्य, डोंगर, प्राणी असे ठसे तेवढे उमटवलेले. कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे जाणकार आपापल्या अंदाजाने सांगत.

कोसंबींनी विचारलेला प्रश्न मात्र अगदी लहान होता. नाणे हातोहाती फिरत राहिले, तर त्याचे वजन किती घटते? टांकसाळीतून निघालेल्या नाण्यांची वजने एकमेकांच्या जवळपास असतात. मग ती बाजारात फिरतात, घासतात, झिजतात. सगळी सारखी झिजत नाहीत, त्यामुळे एका गटाचे सरासरी वजन उतरत जाते आणि वजनांतला फरक वाढत जातो. म्हणजे एकाच ठेव्यात सापडलेल्या नाण्यांचे ठशांवरून गट पाडले, तर सर्वांत हलका गट सर्वांत जास्त काळ चलनात असलेला, म्हणून सर्वांत जुना. हा तर्क पडताळायला त्यांनी आपल्या काळातली, साल छापलेली नाणी हजारोंनी तोलली. तर्क टिकला. मग त्याच मापाने तक्षशिलेला सापडलेल्या ठेव्यातल्या नाण्यांचा क्रम लावता आला.

पण क्रम लागताच पुढचा प्रश्न दारात उभा. ही नाणी पाडली कोणी? त्यासाठी पुराणे, बौद्ध आणि जैन ग्रंथ वाचणे आले. मग त्याच्याही पुढचा प्रश्न : ज्या समाजाला एवढ्या नाण्यांची गरज पडली, तो समाज होता तरी कसा? १९५६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाचा ग्रंथ या वाटेनेच आला. ‘प्राचीन भारतीय समाज’ असा विषय घेऊन ते पहिल्याच दिवशी बसले असते, तर एवढ्या लांब पोचले असते का, याची शंका वाटते.

संशोधनाचा प्रश्न असा सामग्रीशी झटापट करता करता आकाराला येतो. त्या झटापटीला वेळ लागतो आणि नेमका तोच वेळ आपल्याकडची पीएच.डी.ची व्यवस्था विद्यार्थ्याला देत नाही.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठात नोंदणीच्या हंगामात कानावर पडणारा प्रश्न एकच असतो : विषय काय घेतलास? गाइडने दिलेला, सीनिअरच्या प्रबंधावरून सुचलेला, तालुका बदलून पुन्हा वापरलेला. देशभरातले प्रबंध ज्या ‘शोधगंगा’ संकेतस्थळावर ठेवले जातात, तिथे मराठी शीर्षके चाळली की ‘एक चिकित्सक अभ्यास’, ‘एक समाजशास्त्रीय अभ्यास’, ‘विशेष संदर्भ’ ही शब्दयोजना पानोपानी भेटते. या शीर्षकांत प्रदेश असतो, कालखंड असतो, लेखकाचे नाव असते. कोणाला काय कळलेले नाही आणि काय शोधायचे आहे, ते नसते. विद्यार्थी आळशी असतात म्हणून हे घडत नाही. प्रवेश मिळाल्यापासून थोड्याच अवधीत सिनॉप्सिस समितीपुढे ठेवायचा असतो आणि एकदा मंजूर झालेले शीर्षक बदलायचे म्हणजे अर्ज, सह्या, पुन्हा बैठक. मग पाच वर्षे त्या शीर्षकाशी इमान राखणे सोपे वाटते. जे साहित्य वाचलेच नाही, ज्या गावात पाऊलही ठेवले नाही, त्याच्याविषयीचा प्रश्न आधीच पक्का करून द्यायचा, ही अटच अन्यायाची आहे.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम केलेले गणिती रिचर्ड हॅमिंग यांनी १९८६ साली संशोधनावर एक व्याख्यान दिले होते. जेवणाच्या टेबलावर रसायनशास्त्रज्ञांना ते विचारत, तुमच्या क्षेत्रातले महत्त्वाचे प्रश्न कोणते? आणि काही दिवसांनी, मग तुम्ही त्यांवर काम का करत नाही? हा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्याच व्याख्यानातला दुसरा मुद्दा जास्त कामाचा आहे. कालप्रवास किंवा गुरुत्वाकर्षणावर मात करणे जमले तर जग बदलेल, तरी हॅमिंग त्यांना महत्त्वाचे प्रश्न मानत नाहीत, कारण त्यांवर चाल करून जायला आज वाटच नाही. परिणाम मोठा हवा आणि हाताशी साधन हवे, या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या की प्रश्न संशोधनाच्या टप्प्यात येतो.

हे महाराष्ट्रात कुठे घडले, असे विचारले तर बोट गडचिरोलीकडे जाते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि परतून १९८०च्या दशकाच्या मध्याला ‘सर्च’ ही संस्था उभी केली. गडचिरोलीतले त्यांचे सुरुवातीचे संशोधन सिकलसेलवर होते. आजार तिथे आहे, हे त्यातून सिद्ध झाले. वैद्यकाच्या दृष्टीने ते उत्तम काम होते, पण गावातल्या लोकांनी तो प्रश्न विचारलेला नव्हता, हे अभय बंग यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. ही कबुली आपल्याकडच्या संशोधन पद्धतीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या प्रकरणात यायला हवी.

राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्याकडे येणाऱ्या बायका अंगावरून पांढरे जाण्याविषयी, पाळीच्या त्रासाविषयी बोलत. त्या काळात विकसनशील देशांतल्या स्त्रीच्या आरोग्याचा विचार कुटुंबनियोजन आणि बाळंतपण यांपलीकडे क्वचितच जात असे. मग प्रश्न आला : खेड्यातल्या बायकांमध्ये स्त्रीरोग आहेत तरी किती? ऐकायला सोपा. पण दवाखान्यात आलेल्या बायका मोजल्या तर उत्तर चुकणार, कारण दवाखान्यात येते ती त्रास होणारी, तोही बोलून दाखवणारी आणि घरून सोडली जाणारी. म्हणून प्रश्नाला कात्री लागली. वसा आणि अमिर्झा ही दोन गावे घेतली आणि तक्रार असो वा नसो, तिथल्या स्त्रियांची तपासणी करायचे ठरले. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. १९८९च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार, आणि यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या अवघ्या ८ टक्के. तपासलेल्यांपैकी ४५ टक्के स्त्रियांची तर काही तक्रारच नव्हती. प्रश्न ‘रुग्ण’ या शब्दापाशी थांबला असता, तर या बायका कुठल्याच आकड्यात आल्या नसत्या.

बालमृत्यूंच्या बाबतीत ही छाटणी आणखी बारीक झाली. मुले का मरतात, या प्रश्नाचे एक मोठे उत्तर होते न्यूमोनिया. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला साठ आणि त्याहून मोठ्याचे पन्नास ही धोक्याची रेघ. आता गावात बाळाजवळ असते ती दाई आणि तिला मोजता येते दहा-बारापर्यंत. इथे प्रश्न वैद्यकातून निघून थेट तिच्या बोटांपाशी आला : दहापर्यंत मोजणाऱ्या बाईला साठ कसे मोजता येतील? उत्तर म्हणून एक साधे उपकरण तयार झाले. तारेवर ओवलेले मणी आणि मिनिटभराचे वाळूचे घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत धोक्याची रेघ दाखवणारा लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया. पाटीवरच्या हिशेबाची गरजच उरली नाही.

त्यानंतर नवजात बाळे. जन्मल्यापासूनच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू रुग्णालयाशिवाय टळत नाहीत, अशी तेव्हाची समजूत. आदिवासी मुलखात रुग्णालय लांब, पावसाळ्यात तर नदीपलीकडे. म्हणून विचारले गेले ते असे : गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बाईला प्रशिक्षण दिले, तर ती घरी जाऊन बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देऊ शकेल का, आणि त्याने मृत्यू कमी होतील का? ३९ गावांत आरोग्यदूत नेमले, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंत तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांची घट झाली. ‘आदिवासींच्या आरोग्य समस्या’ हा विषय घेऊन शेकडो प्रबंध लिहिता येतील. त्यातल्या एकाही प्रबंधाला असे हो किंवा नाही म्हणता येणार नाही.

डॉक्टरांना हे जमले, कारण त्यांच्याजवळ रुग्ण होते, असे म्हणून सुटका करून घेता येईल. म्हणून सामाजिक शास्त्रातला प्रश्न घेऊ. समजा, मराठवाड्यातल्या एखाद्या विद्यार्थिनीने ‘ऊसतोड कामगार महिलांच्या समस्या’ असा विषय नोंदवला आहे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीला २०१९ साली बीड जिल्ह्यात दिसले होते, की पाहणी झालेल्या ८२,३०९ महिला ऊसतोड कामगारांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आहे. म्हणजे दर सहा जणींमागे एक. आकडा हादरवणारा आहे. विद्यार्थिनी हा आकडा प्रस्तावनेत टाकून शंभर जणींकडून प्रश्नावली भरून घेऊ शकते आणि बऱ्याचदा तेच होते.

पण तिने आधी चार महिने तोडीवर, फडात काढले, तर तिच्या कानावर वेगळेच शब्द पडतील. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस कामावर गेले नाही तर लागणारा खाडा. आता प्रश्न हलायला लागतो. पाळीत किंवा दुखण्यात पडणारे खाडे नकोत म्हणून बायका शस्त्रक्रियेकडे वळतात का? की उचलीचा पैसा हातात येतो त्या दिवसांत शस्त्रक्रिया होतात? सल्ला कोणी दिला? आणि सगळ्यांत आवश्यक : त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, पण तोडीला न जाणाऱ्या बायकांत हे प्रमाण किती? ही तुलना नसेल, तर सहात एक हा आकडा ऊसतोडीमुळे की त्या भागातल्या खासगी दवाखान्यांच्या रीतीमुळे, हे सांगता येत नाही. आता तिला शंभर प्रश्नावल्या नकोत. तिला हवी शस्त्रक्रियेची तारीख, जी पत्र्याच्या पेटीत जपलेल्या डिस्चार्ज कार्डावर असू शकते, आणि त्या वर्षीच्या उचलीची तारीख, जी मुकादमाच्या वहीत असते. वही पाहायला मिळाली नाही, तर प्रश्न पुन्हा बदलावा लागेल. बदलावा. त्यात कमीपणा काही नाही.

विषय गाइडने दिला म्हणून तो वाईट, असेही नाही. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या, तेव्हा मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेचा विषय त्यांना त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांनी दिला. फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. युरोपीय कवट्यांत ही असमानता जास्त दिसावी, अशी त्यांची अपेक्षा. कर्वे यांनी मोजमापे घेतली, असमानतेचा वंशाशी संबंध दिसला नाही आणि त्यांनी तसेच लिहिले. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या मर्जीवर पदवी अवलंबून असताना. प्रश्न दुसऱ्याचा होता, पण तो अशा रीतीने मांडलेला होता, की उत्तर मार्गदर्शकाच्या विरोधात जाऊ शकत होते. आपल्याकडच्या कित्येक गृहीतकांना ही मुभाच नसते. ‘ग्रामीण भागात शिक्षणाच्या समस्या आहेत’ हे गृहीतक पाच वर्षांनी सिद्ध झाले, तर कोणाला नवल वाटणार?

कधी कधी तर नुसता प्रश्न नेमका मांडणे हेच संशोधन ठरते. इचलकरंजीचे सुभाष खोत यांनी २००२ साली प्रिन्स्टनला विद्यार्थी असताना संगणकशास्त्रात ‘युनिक गेम्स’ हे अनुमान मांडले. ते आजही सिद्ध झालेले नाही. पण ते खरे धरले, तर संगणकाला कोणती कोडी जवळपाससुद्धा सोडवता येणार नाहीत, हे कळते. त्यामुळे त्याभोवती मोठे संशोधन उभे राहिले आणि २०१४ साली खोत यांना नेव्हानलिना पुरस्कार मिळाला.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांत पीएच.डी.ला किमान तीन वर्षांची मुदत आहे, अभ्यासक्रम सक्तीचा आहे, दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची आहे. म्हणजे चौकट आहे. त्या बैठकांत आज विचारले जाते, किती प्रकरणे झाली? त्याऐवजी विचारावे, गेल्या खेपेपासून प्रश्न कुठे बदलला आणि कशामुळे? प्रबंधात एक प्रकरण या बदलांच्या नोंदीचे ठेवावे. पहिला प्रश्न कोणता होता, तो कुठे अडला, काय सोडून दिले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी सगळ्यात आधी तेच उघडावे.

आणि मार्गदर्शकांना एक विनंती. यंदा प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याकडून शीर्षक मागण्याआधी त्याला सहा महिने फडात, दफ्तरखान्यात, ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, जिथे त्याचे काम आहे तिथे पाठवा. परत येताना तो वेगळाच प्रश्न घेऊन आला, तर त्याच्या अर्जावर पहिली सही तुमची असू द्या.