किंमत न मागणाऱ्याचे देणे



हे पत्रक आम्ही लिब्रे ऑफिस या प्रोग्रामवर जुळवतो. तो मोफत मिळतो. उतरवून घेताना मात्र ‘देणगी देऊ इच्छिता का?’ अशी विनंती दिसते. परवा नवी आवृत्ती घेताना ती पुन्हा दिसली आणि नेहमीप्रमाणे आम्ही पुढे गेलो. मग घोषणा टाईप करताना शेवटची ओळ आली : ‘दानपेटीत सढळ हाताने दान करावे.’ बोटे थांबली. इतकी वर्षे वापरलेल्या वस्तूसाठी आम्ही एक रुपयाही दिला नव्हता.

ज्याने किंमत मागितलीच नाही, त्याचे आपण काही देणे लागतो का?

हा प्रश्न जुना आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू फ्लुगलमन यांनी आपला प्रोग्राम लोकांना वाटला आणि सांगितले, वापरून पाहा, आवडला तर २५ डॉलर पाठवा. मराठीत टाईप करण्यासाठी ओंकार जोशी यांनी ‘गमभन’ तयार केले आणि मोफत वापरू दिले. नेदरलँड्सचे ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये ‘विम’ हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. काही द्यावेसे वाटले तर युगांडातील गरजू मुलांना द्या, अशी त्यांची विनंती असे. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले, पण प्रोग्राम उघडला की ती विनंती दिसत राहिली.

पण सगळीकडे असे गोड घडत नाही. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त ठेवणारे ‘ओपन एसएसएल’ नावाचे एक कुलूप आहे. जगातील असंख्य संकेतस्थळे ते वापरत होती. २०१४ मध्ये त्यात मोठा दोष सापडला. तेव्हा लोकांना कळले की ते सांभाळणाऱ्या मूठभर माणसांना वर्षाला देणग्या मिळत होत्या सुमारे २,००० डॉलर! करोडोंची उलाढाल त्या कुलपावर, आणि कुलूप सांभाळणारे उपेक्षित. जाग आल्यावर मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला. आपल्या देशातही बंगळुरूच्या झिरोधा कंपनीने २०२४ मध्ये अशा कामांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलर देण्याचे जाहीर केले.

कोणी म्हणेल, ‘फादर, त्यानेच फुकट दिले, मग देणे कसले?’ संत थॉमस अक्वायनस यांनी येथे एक उपयोगी भेद केला आहे. काही देणी कायद्याची असतात. ती कोर्ट वसूल करू शकते. काही देणी सचोटीची असतात. ती कोणी वसूल करत नाही, म्हणून ती फिटतात केवळ आपल्या प्रामाणिकपणाने. कृतज्ञता या दुसऱ्या प्रकारात येते. तिच्या पायऱ्याही ते सांगतात : उपकार ओळखणे, आभार मानणे, आणि योग्य वेळी ऐपतीप्रमाणे परतफेड करणे. आम्ही तर पहिल्या पायरीवरही उभे नव्हतो.

दुसरा आक्षेप असा : ‘एक प्रत जास्त काढली तर त्याचे काय गेले?’ प्रतीला खर्च नाही, हे खरे. पण प्रोग्राम लिहायला महिने जातात, आणि तो दुरुस्त ठेवायला त्यापुढची वर्षे.

तिसरा आक्षेप मात्र आम्हांला गंभीर वाटतो : ‘ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याने काय करावे?’ त्याने निःसंकोच वापरावे. स्वेच्छेच्या या पद्धतीचे मोठेपण तेच आहे. कॉलेजची फी कशीबशी भरणाऱ्या आपल्या गावच्या मुलीला आणि मुंबईच्या अधिकाऱ्याला तेच साधन मिळते. पण हे दार उघडे राहते कोणाच्या बळावर? ज्यांना परवडते त्यांच्या. ऐपत असलेले आपण सगळे गरिबाच्या रांगेत उभे राहिलो, तर एक दिवस तो माणूस थकून काम सोडतो किंवा किंमत लावतो. त्या दिवशी आपले फारसे बिघडत नाही. दाराबाहेर राहते ती मुलगी.

आपल्या किनाऱ्याला हे समजावून सांगायला नको. होडी ओढायला हात लावणाऱ्याला नाखवा कालवणापुरती मासळी देतो. दर ठरलेला नसतो, पण रिकाम्या हाताने कोणाला पाठवणे शोभत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते.

प्रभू येशूने बारा शिष्यांना पाठवताना सांगितले की फुकट मिळाले आहे ते फुकट द्या. त्याच उपदेशात, दोनच वचनांनंतर, कामकऱ्याला त्याचे अन्न मिळणे योग्य आहे असेही तो म्हणाला. पहिले वचन देणाऱ्यासाठी आहे, दुसरे घेणाऱ्यासाठी. आपण बहुधा दुसऱ्याला त्याचे वचन ऐकवतो आणि स्वतःचे विसरतो. धर्मगुरूंचे जगणेही तुमच्या स्वेच्छेच्या दानावरच चालते. आम्हांला तरी हे आधी सुचायला हवे होते.

चर्चचा पैसा तुमचा आहे, म्हणून त्याला हात न लावता आम्ही स्वतःच्या खिशातून ५०० रुपये पाठवले. त्यासाठी वेगळी वर्गणी काढणार नाही. तुमच्या फोनमध्ये, दुकानात, मुलांच्या अभ्यासात असे काही मोफत साधन रोज वापरात असेल. ते कोणी बनवले, एवढे या आठवड्यात शोधून पाहा. पुढचे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे.

तुमचा,
धर्मगुरू