आंकड्याचा निवाडा

चाकण-भोसरीच्या यंत्रशाळांतून तयार झालेला सुटा भाग 'गेज'नें तपासतात. मापांत बसला तर पुढें जातो, न बसला तर रद्द मालांत पडतो. या शिस्तीविषयीं आमची तक्रार नाहीं. रस्त्यावर धांवणाऱ्या गाडीस ती हवीच. परंतु तेथेंच तपासनिसाचें काम करणारे आमच्या परिचयाचे एक गृहस्थ परवां पत्नीच्या रक्ततपासणीविषयीं "रिपोर्ट फेल आला" असें बोलून गेले, आणि कारखान्याची भाषा घरांत किती सहज शिरते हें पाहून आम्ही थक्क झालों.

त्या कागदावरील ए. एम. एच. हें संप्रेरक अंडाशयांतील सूक्ष्म पुटकांतून स्रवतें. त्याच्या प्रमाणावरून बीजांचा साठा किती उरला, व सुया टोंचल्यावर किती बीजें हातीं येतील, याचा अदमास बांधतां येतो. बीजांचा कस मात्र त्यावरून कळत नाहीं. तो बहुतांशीं वयावर अवलंबून असतो. तसेंच प्रोजेस्टेरॉन. तें अवेळीं वाढलें तर गर्भाशयाचें अस्तर गर्भाशीं मेळ न राखतां पुढें जातें. मग वैद्य गर्भ गोठवून ठेवितात व पुढील एखाद्या महिन्यांत गर्भाशयांत सोडतात. येथें आंकडा वाट दाखवितो, निवाडा देत नाहीं.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांनीं ६ ऑगस्ट १९८६ रोजीं नळींतल्या गर्भधारणेची कन्या जन्मली, तेव्हां ए. एम. एच. ची तपासणी प्रचारांतहि नव्हती!

आंकडा लपवावा असें आम्ही म्हणत नाहीं. वय सरत असतां खोटी आशा लावणें हेंहि पापच. पण वैद्य विचारतो, औषध किती द्यावें. घर विचारतें, दोष कोणाचा. पहिल्या प्रश्नासाठीं काढलेला आंकडा दुसऱ्याचें उत्तर म्हणून शेजारापाजारीं फिरविणें हा अन्याय आहे. शिवाय अपत्यहीनतेंत पुरुषाचा वाटा कांहीं थोडा नसतो. २०२१ च्या कायद्यानेंहि या उपचारास लेखी संमति लागते, आणि ती नवरा-बायको दोघांचीहि. मग कागद तेवढा एकटीचाच कां?

आमच्या त्या स्नेह्यांस आम्हीं त्यांच्या स्वतःच्या तपासणीविषयीं विचारलें. ते क्षणभर थांबले.

"ती केलेली नाहीं," ते म्हणाले. "घरांत तो विषयच निघाला नाहीं."